‘करत असतात’चे इंग्रजी

इंग्रजी क्रियापदांच्या काळांवर तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने वार्षिकांकात लेख लिहावा, हे थोडे धाडसच आहे. व्याकरणाचा लेख दिसला की पाने उलटून कथेकडे वळायचे, ही आपणा सर्वांची रीत. मीही तिला अपवाद नाही. परंतु या विषयाने मला एकदा असा धडा दिला आहे की तो माझ्यामागून येणाऱ्यांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

प्रथम वर्षाला असताना एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी मी अर्ज केला होता. अर्ज इंग्रजीतून भरायचा होता. ‘कौटुंबिक माहिती’ या रकान्यात मला एवढेच लिहायचे होते : ‘माझे वडील मार्केट यार्डात पोती वाहत असतात. त्यांना फार थोडे पैसे मिळतात.’ शाळा मराठी माध्यमाची; तेव्हा शब्दकोश पुढ्यात घेऊन, आधी कच्चे लिहून, मग शाईने वळणदार अक्षरात मी लिहिले : ‘माय फादर यूज्ड टू कॅरी सॅक्स इन द मार्केट यार्ड. ही यूज्ड टू अर्न व्हेरी लिटल.’ ‘यूज्ड टू’ म्हणजे सवय, नेहमीचे काम, एवढे मला पाठ होते. दोनदा वापरता आले म्हणून थोडा अभिमानही वाटला.

मुलाखतीच्या दिवशी टेबलापलीकडच्या गृहस्थांनी अर्ज चाळला आणि अगदी मृदू आवाजात विचारले, ‘वडील कधी वारले, बाळ?’

मला काही उमजेना. आबा त्या वेळी खाली फाटकाशी सायकल धरून उभे होते. मी तसे सांगताच त्यांच्या कपाळावर आठी पडली. मृत्यूचा दाखला जोडायचा राहिला असावा, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. ‘बरे, हयात आहेत. मग काम कधी सोडले? सध्या घर कशावर चालते? ते का लिहिले नाही?’ प्रश्नामागून प्रश्न आले. माझ्या दोन वाक्यांनी आबांना एक तर मारले होते, नाही तर घरी बसवले होते! मी जे सांगत होते ते अर्जाशी जुळेना, आणि अर्ज माझ्याच अक्षरात होता. ती शिष्यवृत्ती मला मिळाली नाही. त्या दोन वाक्यांमुळेच ती गेली असे मी म्हणणार नाही. पण खोटी माहिती लिहिणारी मुलगी अशी नजर घेऊन मी तिथून बाहेर पडले, ती नजर अजून विसरलेली नाही. आबांना सांगितले तेव्हा ते हसले. ‘जित्यापणी मारलंस की गं मला!’ एवढेच म्हणाले आणि सायकलवर बसले.

त्यानंतर आमच्या इंग्रजीच्या सरांना मी विचारले, ‘सर, मग ‘करत असतात’ याला इंग्रजीत म्हणायचे तरी काय?’ त्या एका प्रश्नातून जे वाचन झाले, त्याचा सारांश पुढे देत आहे.

१. आहे आणि असतो

आधी आपल्या मराठीकडे पाहू. ‘हा आंबा गोड आहे’ आणि ‘हापूस आंबा गोड असतो’ या दोन वाक्यांत फरक काय, हे आपल्याला कोणी शिकवले नाही. तरी त्यात आपण कधी चुकत नाही. पहिले वाक्य हातातल्या आंब्याविषयी, दुसरे आंब्याच्या धर्माविषयी. ‘आहे’ म्हणजे या घडीला. ‘असतो’ म्हणजे एरवी, नेहमी, रीतीने. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे एकच ‘इज’ किंवा ‘आर’ येते : ‘धिस मँगो इज स्वीट’, ‘मँगोज आर स्वीट’. 

हाच भेद आपण क्रियेलाही लावतो. ‘आबा पोती वाहत आहेत’ म्हणजे आता, या क्षणी. ‘आबा पोती वाहत असतात’ म्हणजे केव्हाही यार्डात जाऊन पाहा, हेच काम चाललेले दिसेल. शालेय व्याकरणात पहिल्याला अपूर्ण वर्तमानकाळ म्हणतात आणि दुसऱ्याला रीतिवर्तमानकाळ. यांच्या जोडीला ‘आबा पोती वाहतात’ हा साधा वर्तमानकाळ आहेच.

म्हणजे आपल्याकडे तीन रूपे आणि इंग्रजीकडे दोनच : ‘कॅरीज’ आणि ‘इज कॅरिंग’. उरलेल्या तिसऱ्या रूपासाठी, ‘असतात’साठी, आपण इंग्रजीत काहीतरी शोधत फिरतो. कोणी ‘इज कॅरिंग’ उचलतो, कोणी माझ्यासारखा ‘यूज्ड टू’. दोन्ही चूक. ‘वाहतात’ आणि ‘वाहत असतात’ या दोहोंचे इंग्रजी एकच, ते म्हणजे साधा वर्तमानकाळ : ‘माय फादर कॅरीज सॅक्स.’ सवय, नेम, व्यवसाय, सृष्टीचा नियम, सगळे या एका साध्या रूपात मावते. अधिक स्पष्टता हवी तर ‘एव्हरी डे’, ‘ऑफन’, ‘यूज्वली’ असे शब्द जोडावेत. क्रियापदाला हात लावू नये.

हे रूप इतके साधे असते की आपला त्यावर विश्वासच बसत नाही. काहीतरी राहून गेले असे वाटते. प्रत्यक्षात ‘व्हॉट डझ युअर फादर डू?’ आणि ‘व्हॉट इज युअर फादर डुइंग?’ यांतला फरक म्हणजे आपल्या ‘बाबा काय करतात?’ आणि ‘बाबा काय करताहेत?’ यांतलाच फरक. पहिल्याचे उत्तर ‘शिक्षक आहेत’. दुसऱ्याचे ‘अंघोळ करताहेत’. इतके आपल्याला येतेच.

२. चालू काळ : मर्यादेचा काळ

मग ‘इज कॅरिंग’ हे रूप कशासाठी? ‘चालू असलेल्या क्रियेसाठी’ असे आपण पाठ केले आहे. ते खरे, पण पुरे नाही. त्या रूपात एक मर्यादेची भावना असते : ही क्रिया सुरू झाली आहे, पुरी झालेली नाही, आणि ती कायमची नाही.

‘आय लिव्ह इन सांगली’ म्हणणाऱ्याचे घर सांगलीला असते. ‘आय ॲम लिव्हिंग इन सांगली’ म्हणणारा तूर्त तिथे राहतो; उद्या बिऱ्हाड हलवील. नेहमीच्या कामालाही हे रूप लागते, पण तो नेम तात्पुरता असेल तरच. ‘धिस मंथ आय ॲम गेटिंग अप ॲट फाइव्ह’ म्हणजे परीक्षा आहे म्हणून या महिन्यापुरते पहाटे उठणे. परीक्षा संपली की आपण पुन्हा सातला उठणार, हे त्या वाक्यातच कबूल केलेले असते! यावरून ‘माय फादर इज कॅरिंग सॅक्स’ असे अर्जात लिहिले असते तर काय झाले असते पाहा. आबा सध्या काही दिवस हे काम करताहेत, असा अर्थ निघाला असता. बावीस वर्षांचे काम चार दिवसांचे झाले असते.

क्रियापदाच्या जातीप्रमाणे या रूपाचा अर्थ बदलतो, हे मला नव्याने कळले. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली एका निबंधात क्रियापदांचे चार गट पाडले. जाणणे, आवडणे या स्थिती. धावणे, ढकलणे या नुसत्या हालचाली. घर बांधणे, चित्र काढणे ही शेवट असलेली कामे. आणि शिखर गाठणे, वस्तू सापडणे या क्षणात घडणाऱ्या गोष्टी. आता ‘ही वॉज रनिंग’ म्हटले की ‘तो धावला’ हेही खरे ठरते. पण ‘ही वॉज बिल्डिंग अ हाउस’ म्हटल्याने घर बांधून झाले असे ठरत नाही. भिंतीवर छप्पर चढण्यापूर्वीच पैसे संपलेले असू शकतात. खोकणे, दार ठोठावणे अशी झटक्यात संपणारी क्रिया चालू काळात आली की ती पुन्हा पुन्हा घडते असा अर्थ होतो. ‘ही वॉज कॉफिंग’ म्हणजे एक खोकला लांबला असे नव्हे. ढासच लागली होती. 

स्थितिवाचक क्रियापदे मात्र सहसा चालू काळात जात नाहीत. माहीत असणे ही चाललेली क्रिया नव्हे; ती अर्ध्यावर थांबवता येत नाही. म्हणून ‘आय नो’. ‘आय ॲम नोइंग’ नव्हे. आपण चुकतो त्याचे एक कारण मला असे वाटते की ‘मला माहीत आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांतला ‘आहे’ आपल्याला ‘ॲम’कडे ओढतो, आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे तोंडून निघते. ‘वुइ आर हॅविंग टी’ हे मात्र बरोबर. कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ जवळ असणे नसून पिणे आहे. तसेच ‘ही इज फूलिश’ म्हणजे स्वभावाने मूर्ख आणि ‘ही इज बीइंग फूलिश’ म्हणजे या वेळेपुरता मूर्खपणा करणारा. मर्यादेची भावना इथेही आलीच. मित्राला उद्देशून बोलताना दुसरे वाक्य वापरलेले बरे.

मुंबईत १९२४ साली जन्मलेले इंग्रजी कवी निसिम इझिकिएल यांची मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभावरची कविता अनेकांना माहीत असेल. त्यांच्या १९७६ च्या ‘हिम्स इन डार्कनेस’ या संग्रहात ती आहे. तीत भाषण करणारा वक्ता दिसेल त्या क्रियापदाला चालू काळाचा अंगरखा चढवतो. ती वाचली तेव्हा वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण मुलाखतीचा तो दिवस आठवून माझे हसू लवकर थांबले. त्या वक्त्याचे बोलणे मनापासूनचे आहे. फक्त त्याच्या क्रियापदांनी त्याला दगा दिला आहे.

एके ठिकाणी मात्र चालू काळ ‘करत असतो’ला अगदी चपखल बसतो, आणि ते ठिकाण म्हणजे तक्रार. ‘यू ऑल्वेज कम लेट’ ही नोंद आहे. ‘यू आर ऑल्वेज कमिंग लेट’ हा वैताग आहे. ‘तू नेहमी उशिरा येतेस’ आणि ‘सदान्‌कदा उशिरा येत असतेस!’ यांत जो फरक, तोच. हजेरीच्या वेळी यांपैकी कोणते वाक्य कानी येते, हे पहिल्या तासाला धावत येणाऱ्यांना सांगायला नको.

३. यूज्ड टू आणि वुड

आता माझ्या मूळ अपराधाकडे येते. ‘यूज्ड टू’ हे केवळ भूतकाळाचे रूप आहे. त्याचे मराठी ‘करायचा’ किंवा ‘करत असे’. पूर्वी ‘यूज टू’ असे वर्तमानातही वापरत. पण ती वाट इंग्रजीने फार पूर्वी बंद केली. शिवाय त्यात एक न बोललेला अर्थ असतो : पूर्वी करायचा, आता करत नाही. आमच्या गल्लीतले एक आजोबा नाटकात काम करायचे, असे म्हटले की ऐकणारा आपोआप समजतो की आता ते सुटले. वर्तमानातल्या माणसाला ‘यूज्ड टू’ लावणे म्हणजे त्याला भूतकाळात ढकलणे. ‘वारले’ हा शब्द मी कुठेही लिहिला नव्हता. तो त्या रूपातच दडलेला होता.

‘वुड’नेही भूतकाळातली सवय सांगता येते, पण त्याची जात वेगळी. एकदा ‘तेव्हा’ कोणता ते ठरले की ‘वुड’ गोष्ट पुढे नेते. आजीच्या कहाणीत ‘एक राजा होता’ एवढे झाले की ‘तो रोज शिकारीला जाई, संध्याकाळी परत येई’ अशी रूपे सुरू होतात. ‘जाई, येई’ची ती चव ‘वुड’ला आहे. मात्र ‘वुड’ स्थितीला चालत नाही. ‘इथे पूर्वी वड होता, म्हणजे असायचा’ हे सांगताना ‘देअर यूज्ड टू बी अ बॅनियन ट्री हिअर’ असेच म्हणावे लागते. ‘वुड बी’ म्हटल्यास वड पुढे कधीतरी उगवणार असे वाटेल.

आणखी दोन पथ्ये. किती वेळा किंवा किती काळ हे मोजून सांगितले की ‘यूज्ड टू’ बाजूला ठेवावे. ‘आय लिव्ह्ड इन मिरज फॉर फाइव्ह यीअर्स’. इथे साधा भूतकाळच हवा. दुसरे असे की ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ हे दिसायला जुळे भावंड असले तरी नाते वेगळे. त्याचा अर्थ ‘लवकर उठण्याची मला सवय झाली आहे’. ते वर्तमानातही चालते. उच्चारात तर दोन्ही ‘यूस्ट टू’ अशीच ऐकू येतात, त्यामुळे घोटाळा वाढतो. पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ आहे की नाही, यावरून ती ओळखावीत.

४. तेव्हापासून आतापर्यंत

‘मी या महाविद्यालयात तीन वर्षांपासून शिकत आहे.’ मराठीत हा वर्तमानकाळ निर्दोष आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी ‘आय ॲम स्टडिंग हिअर सिन्स थ्री यीअर्स’ मात्र दोन ठिकाणी लंगडते. मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या क्रियेला इंग्रजीत ‘हॅव बीन’ लागते. आणि काळाची लांबी सांगताना ‘फॉर’, आरंभाचा बिंदू सांगताना ‘सिन्स’. आपल्या ‘पासून’ला दोन्ही चालतात, ‘जूनपासून’ही आणि ‘तीन वर्षांपासून’ही, म्हणून फसगत होते. ‘आय हॅव बीन स्टडिंग हिअर फॉर थ्री यीअर्स’ हे शुद्ध. याचे खरे मराठी ‘शिकत आले आहे’ असे धरले तर चूक होणार नाही. त्या ‘आले’मध्ये तिथून इथवरची वाट दिसते. स्थितिवाचक क्रियापद असेल तर इथेही ‘इंग’ गळते : ‘आय हॅव नोन हर फॉर टेन यीअर्स.’

आणि न थांबता चाललेल्या क्रियेसाठी इंग्रजीत ‘कीप’ आणि ‘गो ऑन’ आहेत : ‘ही केप्ट आस्किंग’, ‘ही वेंट ऑन टॉकिंग’. या बाबतीत मात्र मराठीचा हात धरणे कठीण. बोलत राहिला, बोलत बसला, बोलतच सुटला. तिन्हींत बोलणे लांबलेलेच, पण राहिला तो चिकाटीचा, बसला तो रिकामटेकडा आणि सुटला त्याला आवरणे अवघड. इंग्रजीत ही छटा क्रियापदाबाहेरच्या शब्दांनी आणावी लागते.

५. चूक आपली, पण अडाणीपणाची नव्हे

बर्नार्ड कॉम्री यांचे या विषयावरचे पुस्तक १९७६ साली निघाले. त्यात त्यांनी अपूर्ण क्रियेचे दोन भाग केले आहेत, एक सवयीचा आणि दुसरा सलग चालण्याचा. जगातल्या भाषा या भागांना वेगवेगळी रूपे देतात. आपण दिली आहेत; प्रमाण इंग्रजीने वर्तमानकाळात सवयीला स्वतंत्र रूप दिलेले नाही.

पण ही उणीव जाणवणारे आपण एकटे नाही. आयरिश भाषेत आपल्यासारखीच जोडी आहे : ‘ता’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘बीअन’ म्हणजे ‘असतो’. आयर्लंडचे लोक इंग्रजी बोलू लागले तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी ‘असतो’साठी ‘डझ बी’ असे रूप घडवले. ‘ही डझ बी वर्किंग’ म्हणजे ‘तो काम करत असतो’. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘ही बी वर्किंग’ याचा अर्थ ‘करत असतो’ आणि ‘ही वर्किंग’ याचा अर्थ ‘आता करत आहे’ असा नेमका भेद आहे. बाहेरच्याला ती अशुद्ध वाटते. वास्तविक तिला तिचे स्वतःचे काटेकोर व्याकरण आहे.

खुद्द इंग्रजीचे नियमही कायमचे नाहीत. सुमारे १६०० च्या ‘हॅम्लेट’मध्ये पुस्तक वाचत फिरणाऱ्या राजपुत्राला पोलोनियस ‘काय वाचता आहात?’ हे साध्या वर्तमानात विचारतो. आज तिथे चालू काळच येईल. ‘घर बांधले जात आहे’ याला पूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकातल्या शुद्धिवाद्यांनी त्याला नाके मुरडली. आज तेच रूप शिष्ट आहे.

तेव्हा ‘करत असतात’चे इंग्रजी शोधताना मी चुकले, ते मला काही कळत नव्हते म्हणून नव्हे. माझ्या भाषेने मला एक भेद शिकवला होता आणि तो मी परभाषेत नसलेल्या जागी ठेवू पाहत होते. असे असले तरी अर्ज वाचणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसतो. तो समोरच्या वाक्याचा आजचा अर्थ घेतो, आणि त्या अर्थावर कोणाची फी, कोणाची नोकरी, कोणाचे वसतिगृह अवलंबून असते. म्हणून रूपाला रूप जुळवू नये. आधी स्वतःला विचारावे, ही गोष्ट आता चालली आहे, नेहमीची आहे, सुटलेली आहे, की मागून चालत आलेली आहे? उत्तर मराठीतच मिळते. मग इंग्रजी रूप निवडावे.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी मी अर्ज केला. या वेळी लिहिले : ‘माय फादर कॅरीज सॅक्स इन द मार्केट यार्ड. ही हॅज बीन डुइंग धिस वर्क फॉर ट्वेंटी-टू यीअर्स.’ अर्ज मंजूर झाला. वाक्ये बरोबर होती म्हणून तो मंजूर झाला असे नाही; पण या खेपेस आबांविषयी कोणी भलते काही विचारले नाही, एवढे खरे.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना एक विनंती करते आणि थांबते. असे अर्ज भरताना शंका आली तर संकोच करू नये. आमच्या वर्गातले आम्ही तिघेचौघे दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात बसत असतो. इंग्रजीत सांगायचे तर नुसते ‘सिट’. अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन या. लेखात काही चुकले असल्यास प्राध्यापकवर्गाने ते जरूर दाखवून द्यावे. कोणाचे एक वाक्य जरी यातून सुधारले, तरी लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.